एकाच आराखड्याच्या दोन नौका वेगवेगळ्या वेगाला का थरथरतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साखरीनाट्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने वडिलांच्या लाकडी मासेमारी नौकेच्या केबिनचे संगणकावर सांत घटक पद्धतीने, म्हणजे तिचे लहान लहान तुकडे कल्पून, प्रतिमान (मॉडेल) केले. केबिनचे बूड डेकला घट्ट जखडलेले धरल्यावर तिच्या आडव्या डोलण्याची पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपसूक सेकंदाला जितक्या वेळा डोलेल तो आकडा, ३१.४ हर्ट्झ आली; बाहेरचे दणके या वारंवारतेला आले की थरथर सर्वांत वाढते, यालाच अनुनाद म्हणतात. प्रत्यक्षात इंजिन मिनिटाला १६२० फेऱ्यांवर आले की केबिन थरथरते, म्हणजे २७ हर्ट्झला. त्याच मेस्त्रीने त्याच मापांवर वर्षभराने बांधलेली काकांची नौका मात्र १७६० फेऱ्यांवर, म्हणजे २९.३ हर्ट्झला थरथरते. इंजिन सहा सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे. गिअरबॉक्स सुमारे तीनास एक. नौका ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला तीन पाती. लाकडाची ताठरता आणि घनता बदलून पाहिली, तर एक नौका जुळते तेव्हा दुसरी सुटते. तेव्हा खरा आकडा कोणता, आणि गुणधर्मच नक्की ठाऊक नसतील तर प्रतिमान करण्यात अर्थ काय, असे त्याने विचारले आहे. नौका चालवणारा तांडेल केबिनमधल्या गोंगाटाबद्दलही कुरकुर करतो, हे त्याने जाता जाता लिहिले आहे. त्या गोंगाटाकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्याचे गणित निराळे आहे.

यंत्रांचे पाये आणि नौका यांच्या कंपनांचे काम मी सुमारे तीस वर्षे करत आहे, आणि माझ्या मते अडचण ‘खरा आकडा’ या एकवचनातच आहे. तुमच्या आराखड्याला एक वारंवारता नाही. त्या आराखड्यावरून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नौकेला आपापली वारंवारता आहे, आणि प्रतिमानाने द्यायचे उत्तर म्हणजे त्या सर्वांचा पट्टा किती रुंद आहे, तो कशामुळे रुंद झाला आहे आणि त्यातला कोणता भाग आपल्याला अरुंद करता येईल, हे आहे.

त्याआधी कंपनाचा उगम निश्चित करावा लागेल, कारण तुमच्या नौकेत एक विचित्र योग जुळून आला आहे. १६२० फेऱ्यांना इंजिनाचा दांडा सेकंदाला २७ वेळा फिरतो. गिअरबॉक्स तीनास एक असल्याने पंखा सेकंदाला ९ वेळा फिरतो, आणि त्याला तीन पाती असल्याने नौकेच्या बुडावर सेकंदाला पुन्हा २७ दणके बसतात. म्हणजे इंजिनाचा असमतोल आणि पंख्याचे दणके एकाच वारंवारतेवर बसले आहेत, आणि वर्णपटातले, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्या आलेखातले, एकच टोक पाहून त्यांतला कोण हे सांगता येणार नाही. चार पातींचा पंखा असता तर दणके ३६ हर्ट्झला गेले असते आणि हा घोटाळा झालाच नसता. उपाय साधा आहे: नौका धक्क्याला बांधलेली असताना गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन १६२० वर न्यावे. केबिन तशीच थरथरली तर दोष इंजिनाचा किंवा त्याच्या बैठकीचा, शांत राहिली तर पंख्याचा. शिवाय गिअरबॉक्सचे प्रमाण नेमके तीन क्वचितच असते. समजा ते २.९६ आहे, मग दणके २७.३६ हर्ट्झला येतील आणि इंजिनाच्या २७ हर्ट्झशी मिळून सुमारे पावणेतीन सेकंदांनी वाढणारी आणि ओसरणारी थरथर निर्माण होईल. खलाशांना विचारा. थरथर अशी लाटेसारखी येते-जाते असे ते म्हणाले, तर दोन्ही उगम हजर आहेत असे समजावे.

मोबाइलने मोजत असाल तर एक सापळा टाळा. अनेक फोन सेकंदाला साधारण शंभर नमुने घेतात, म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचे काही त्यांना खरे दिसत नाही. मात्र ते नाहीसे न होता खाली दुमडून दिसते. सहा सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. १५०० फेऱ्यांना ते ७५ हर्ट्झ होतात, आणि शंभर नमुन्यांच्या फोनमध्ये हे ७५ हर्ट्झ बरोबर २५ हर्ट्झ म्हणून उमटतात, जी नेमकी त्याच वेगाची दांड्याची वारंवारता आहे! या भुताच्या मागे लागून दांड्याचा समतोल करून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तुम्ही केबिनचे बूड जखडलेले धरले, आणि लाकडाचे गुणधर्म बदलत बसलात. गृहीतकांमधली सर्वांत कच्ची बाजू तपासण्याऐवजी पुस्तकात ज्याचा तक्ता सापडतो ती बाजू तपासण्याची ही सवय जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते, आणि मलाही होती. केबिन डेकच्या तुळयांवर बोल्टांनी बसवलेली असते. त्या तुळया वाकतात, बोल्टांखालचे लाकूड दबते, आणि केबिन वाकण्याबरोबरच बुडाशी थोडी कलंडतेही. ही दोन स्प्रिंगांची ओळीने जोडणी आहे. बुडाच्या स्प्रिंगची ताठरता केबिनच्या स्वतःच्या ताठरतेच्या ‘प’ पट असेल, तर वारंवारता ३१.४ भागिले (१ अधिक १/प) याचे वर्गमूळ इतकी होते. बूड चौपट ताठ असले, म्हणजे कोणीही हात लावून ‘पक्के आहे’ म्हणेल इतके असले, तरी ३१.४ ची २८.१ हर्ट्झ होते. बूड दुप्पटच ताठ असेल तर २५.६, आठपट असेल तर २९.६. तुमच्या २७ हर्ट्झला ‘प’ २.८ लागतो आणि काकांच्या २९.३ ला सुमारे ६.८. एका नौकेचे बोल्ट वर्षभर जास्त सैल राहिले, किंवा एका तुळईच्या टोकाचे लाकूड मऊ निघाले, तर एवढा फरक सहज पडतो. जखडलेल्या बुडाच्या प्रतिमानात मात्र दोन्ही नौका ३१.४ च्या खालीच का, याचे उत्तर कधीच सापडणार नव्हते, कारण त्या गृहीतकाची चूक एकाच दिशेची आहे: खरा आधार कल्पिलेल्या आधारापेक्षा नेहमी मऊच असतो.

अर्थात हाच फरक लाकडानेही समजावता येतो. २९.३ आणि २७ यांच्या गुणोत्तराचा वर्ग सुमारे १.१८ आहे, म्हणजे काकांच्या केबिनचे सगळे लाकूड अठरा टक्क्यांनी ताठ आहे असे मानले तरी हिशेब जुळतो. दोन स्पष्टीकरणे एकाच निरीक्षणात बसतात तेव्हा संगणक जास्त वेळ चालवून त्यांतले एक निवडता येत नाही. दोघांत जिथे फरक पडेल अशी दुसरी मोजणी करावी लागते. इथे ती सोपी आहे. छताच्या एकूण हालचालीपैकी बुडाच्या कलंडण्याचा वाटा १ भागिले (१ अधिक प) असतो. ‘प’ २.८ असेल तर तो सव्वीस टक्के, ६.८ असेल तर तेरा टक्के. केबिनच्या बुडाशी डाव्या आणि उजव्या कडेला एकेक फोन ठेवून उभी हालचाल मोजावी. सुरुवातीला डेकवर एक टोला मारावा म्हणजे दोन्ही नोंदी वेळेने जुळवता येतील. दोन्ही कडा एकत्र वर-खाली होतात तो भाग वजा करावा, कारण ती अख्ख्या नौकेची हालचाल आहे. राहिलेल्या, परस्परविरुद्ध भागातून कलंडण्याचा कोन मिळतो, आणि केबिनची रुंदी व उंची सारखी असल्यास छतावरचा त्याचा वाटा एका कडेच्या हालचालीच्या दुप्पट येतो. तुमच्या नौकेवर हा वाटा एक चतुर्थांश आणि काकांच्या नौकेवर एक अष्टमांश निघाला तर दोष सांध्यांचा. दोन्हींवर सारखाच निघाला तर लाकडाचा.

लाकडाबद्दल लिहितो, कारण तिथे संख्याशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आहे. एकाच जातीच्या लाकडाच्या निर्दोष नमुन्यांतही लवचीकता गुणांकाचा (ताठरतेच्या मापाचा) विचलन गुणांक, म्हणजे सरासरीच्या तुलनेत विखुरणे, वीस टक्क्यांच्या आसपास असतो. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने हे दहा टक्के झाले. पण केबिनला समजा सोळा खांब आणि तुळया आहेत आणि प्रत्येकाचा गुणधर्म इतरांपासून पूर्ण स्वतंत्र आहे; मग मऊ तुकड्याची कसर ताठ तुकडा भरून काढतो, सरासरीचे विचलन वीस भागिले चार म्हणजे पाच टक्के होते, आणि वारंवारतेतला फरक अडीच टक्क्यांवर येतो. उलट सर्व लाकूड एकाच ओंडक्याचे असेल, तर ते सगळे एकत्रच मऊ किंवा एकत्रच ताठ असते आणि फरक दहा टक्केच राहतो. म्हणजे त्याच वीस टक्क्यांतून अडीच किंवा दहा, काहीही निघू शकते. ते ठरते सहसंबंधावर. याबद्दल कोणताही तक्ता तुम्हाला मदत करणार नाही. त्यासाठी मेस्त्रीला विचारावे लागेल की लाकूड एका वखारीतून एकदम आणले, की जसे मिळाले तसे. ओलाव्याचा परिणाम तर जवळजवळ पूर्ण सहसंबंधित असतो. सुमारे तीस टक्के ओलाव्याच्या खाली लाकूड जसजसे सुकते तसतसे ते ताठ होते, दर टक्क्याला ढोबळमानाने दीड-दोन टक्के, आणि मे महिन्याच्या उन्हात सुकलेली केबिन सगळीकडून एकदमच सुकलेली असते. तुमच्या दोन नौकांचे वेग एकाच ऋतूत नोंदले होते का, हे प्रश्नात आलेले नाही. ते पाहून घ्या.

सहसंबंध विसरण्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा पाया जांभ्यावर घ्यायचा होता. एका ठिकाणच्या चाचणीवरून मी जमिनीची ताठरता घेतली, पायाखालच्या प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे थोडे कमी-जास्त करून शेकडो गणिते केली, आणि वारंवारता फार तर तीन टक्क्यांनी हलते असे निर्धास्तपणे लिहून दिले. पावसाळा लागल्यावर जांभा पाणी पिऊन सगळा एकदम मऊ झाला, वारंवारता यंत्राच्या वेगावर येऊन बसली आणि पायाशेजारची भिंत तडकली. माझ्या गणितात पाऊस पायाच्या एका कोपऱ्यावर पडत होता आणि दुसऱ्यावर पडत नव्हता! कारखान्याच्या मालकाने नंतर मला शांतपणे विचारले की तुम्ही कोकणातलेच ना. पुढे पायाभोवती पाण्याचा निचरा केला आणि पाया रुंद करून तो प्रश्न सुटला, पण तेव्हापासून मी अनिश्चिततेच्या प्रत्येक कारणापुढे, ते सर्व भागांना एकदम लागू होते की सुटे सुटे, हे आधी लिहितो.

वस्तुमानाच्या बाबतीत फार अडायचे कारण नाही. बर्फ, डिझेल आणि मासळी यांनी नौकेचे वजन बदलते, आणि नौकेच्या बुडाबरोबर हलणाऱ्या पाण्याचे वस्तुमान तर तिच्या सांगाड्याच्या कमी वारंवारतेच्या वाकण्यात तिच्या स्वतःच्या वजनाच्या तोडीचे असू शकते. पण ते अख्ख्या सांगाड्याच्या कंपनांना भोवते. केबिनच्या डोलण्याला भोवते ते छतावर ठेवलेले सामान. पाण्याची टाकी, जाळी, जीवरक्षक कडी, सौर पॅनेल यांनी हलणारे वस्तुमान आठ टक्क्यांनी वाढले तर वारंवारता चार टक्क्यांनी उतरते. मोजणीच्या दिवशी छतावर काय होते त्याचा एक फोटो काढून ठेवा.

अवमंदनाबाबत, म्हणजे कंपन विरवणाऱ्या गुणाबाबत, मात्र मी कोणाच्याही गणितावर विश्वास ठेवत नाही. अनुनादाच्या टोकाची उंची अवमंदनाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि ते अवमंदन मुख्यतः सांध्यांतल्या घर्षणातून येते. दोन सारख्या दिसणाऱ्या नौकांत ते दुपटी-तिपटीने वेगळे असते. ते मोजावेच लागते. केबिनला दोरीने एक झटका देऊन कंपन विरत जाताना नोंदवणे पुरेसे आहे. म्हणून माझा नियम असा, की वारंवारतेचा पट्टा गणिताने काढावा, पण टोकाच्या उंचीबद्दल मोजणीशिवाय ग्राहकाला शब्द देऊ नये.

आता या सगळ्याची बेरीज करण्याची पद्धत. तुम्ही वापरत असलेली माँटे कार्लो पद्धत, म्हणजे अनिश्चित राशींचे चिठ्ठ्या टाकून नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुन्यासाठी प्रतिमान सोडवायचे, इथे योग्यच आहे, पण तिच्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, सांध्याच्या ताठरतेला घंटाकृती सामान्य वितरण देऊ नका. विचलन गुणांक पन्नास टक्के असेल तर दर शंभर नमुन्यांत दोन ऋण ताठरतेचे निघतात, जे निसर्गात संभवत नाही. आणि ते वगळले तरी शून्याजवळचे नमुने १/प या पदात जाऊन सरासरी बिघडवतात. त्याऐवजी लघुगणकीय सामान्य वितरण घ्यावे, जे शून्याखाली जातच नाही: ‘प’ चा मध्यक (निम्म्या नौका ज्याच्या खाली आणि निम्म्या वर तो आकडा) चार आणि दोन्ही बाजूंना दुपटीची मोकळीक, म्हणजे पंचाण्णव टक्के नौका दोन ते आठ यांच्या दरम्यान. दुसरे, कंपनरूपांचा (मोडचा, म्हणजे कंपनाच्या वेगवेगळ्या आकारांचा) हिशेब क्रमांकाने ठेवू नका. केबिनचे आडवे डोलणे आणि पिळवटणे यांच्या वारंवारता जवळ असतील, तर काही नमुन्यांत त्यांची अदलाबदल होते, आणि ‘पहिल्या मोडची सरासरी’ म्हणून जे निघते ते दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी असते. प्रत्येक नमुन्यात कंपनाचा आकार मूळ आकाराशी पडताळून मगच त्याची वारंवारता त्या रकान्यात लिहावी. तिसरे, नमुन्यांच्या संख्येचा बाऊ करू नका. स्वतंत्रपणे घेतलेल्या ५९ नमुन्यांतला सर्वांत मोठा निकाल हा पंचाण्णवाव्या शतमानाच्या, म्हणजे शंभरातले पंचाण्णव निकाल ज्याच्या खाली येतात त्या मर्यादेच्या, वर असण्याची शक्यता पंचाण्णव टक्के असते, कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली येतो. मोठ्या प्रतिमानाला एका गणिताला अर्धा तास लागत असेल, तर दीड दिवसात तुमच्या हाती सांगण्यासारखे काहीतरी असते. दहा हजार नमुने घेऊन चुकीच्या गृहीतकाची तिसऱ्या दशांशापर्यंत अचूक सरासरी काढण्यात हशील नाही.

तुमच्या केबिनसाठी माझा ढोबळ अंदाज असा होतो: सांध्यांमुळे साडेतीन टक्के, लाकडामुळे अंशतः सहसंबंध धरून सहा टक्के, छतावरच्या सामानामुळे चार टक्के. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले तर आठ टक्के येतात, आणि मध्यक ३१.४ नव्हे तर २८ हर्ट्झ. हे अनिश्चिततेसह केलेले भाकीत झाले, आणि दोन्ही नौका त्यात आरामात बसतात. आता त्याचा उपयोग पाहू. तांडेलाला नौका १५०० ते १७०० फेऱ्यांच्या दरम्यान चालवायची असते, म्हणजे २५ ते २८.३ हर्ट्झ. मध्यक २८ आणि विचलन आठ टक्के असेल तर या पट्ट्यात सापडणाऱ्या नौका शंभरात सुमारे ४६ निघतात. हा आराखडा जवळजवळ नाणेफेक आहे. पुढची नौका बांधताना ही शक्यता कमी करायची असेल, आणि पट्ट्याच्या वर दहा टक्के अंतर ठेवून ३१ हर्ट्झच्या खाली शंभरात पाचच नौका जाव्यात असे ठरवले, तर मध्यक ३५.७ हर्ट्झवर न्यावा लागतो, म्हणजे ताठरता त्रेसष्ट टक्क्यांनी वाढवावी लागते. तेच विचलन आठऐवजी चार टक्क्यांवर आणता आले, तर ३३.२ पुरतात आणि ताठरता चाळीस टक्केच वाढवावी लागते. लाकूड पारखून घेणे, बोल्टांखाली पोलादी पट्ट्या देणे, पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळणे आणि छतावर टाकीची जागा ठरवून टाकणे, या साऱ्यांचा खर्च त्या उरलेल्या तेवीस टक्के ताठरतेच्या लाकडापेक्षा कमी येतो की जास्त, हे मेस्त्री तुम्हाला मिनिटभरात सांगेल. प्रतिमान करण्यात अर्थ काय, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी इथेच देतो: मेस्त्रीपुढे हा प्रश्न या शब्दांत मांडता येतो, तो त्या प्रतिमानामुळे.

एक भेद मात्र जपा. तुमच्या नौकेची मोजणी केल्यावर तिच्या बाबतीतले अज्ञान जवळजवळ संपते, तिच्यासाठी पट्टा एक-दोन टक्क्यांवर येतो. पण मेस्त्री पुढच्या वर्षी जी तिसरी नौका बांधील तिच्यासाठी पट्टा फारसा अरुंद होत नाही, कारण नौकांनौकांमधली भिन्नता खरीच आहे आणि ती मोजल्याने नाहीशी होत नाही. मोजून घटते ते आपले अज्ञान, आणि भिन्नता घटते ती बांधणीची पद्धत बदलल्याने. अहवालात या दोन्हींना एकच आकडा देऊन मोकळे होणारे सल्लागार पुष्कळ आहेत.

आता तांडेलाचा गोंगाट. इथे वारंवारता शेकड्यांत आहेत आणि वरची सगळी पद्धत हळूहळू निरुपयोगी होते. अठरा मिलिमीटर प्लायवूडची दोन चौरस मीटरची भिंत घ्या. तिच्यात ढोबळमानाने दर १९ हर्ट्झला एक कंपनरूप येते, आणि पातळ पाटाच्या वाकण्याचे वैशिष्ट्य असे की ही दाटी वारंवारतेनुसार बदलत नाही. प्रत्येक टोकाची रुंदी मात्र वारंवारतेबरोबर वाढत जाते. अवमंदनाचा गुणांक ०.०३ असेल तर ६०० हर्ट्झच्या थोडे वर टोकाची रुंदी आणि दोन टोकांमधले अंतर सारखे होते. तिथून पुढे टोके एकमेकांत मिसळतात. कुठल्याही एका टोकाची जागा सांगणे अशक्य होते, आणि सुदैवाने अनावश्यकही. कारखान्यात एकाच साच्यातून निघणाऱ्या वस्तूंचीही हीच गत असते: १९९३ साली अमेरिकेत एकाच प्रकारच्या जवळपास शंभर मोटारगाड्यांची मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच जागी त्याच आघाताला आतला आवाज अनेक वारंवारतांना दहा डेसिबल किंवा अधिक फरकाने वेगळा निघाला. हातोडी-पटाशीने बांधलेल्या नौकेकडून आपण अधिक काय अपेक्षा करावी?

या प्रदेशासाठी सांख्यिकीय ऊर्जा विश्लेषण वापरतात. रिचर्ड लायन यांना १९५९ साली मँचेस्टरमध्ये असे आढळले की जोडलेल्या दोन दोलकांमध्ये वाहणारी शक्ती त्यांच्या ऊर्जांच्या फरकाच्या प्रमाणात असते. अवकाशयानांवर रॉकेटच्या प्रचंड आवाजाचा परिणाम काढण्याची गरज तेव्हा होतीच, आणि साठच्या दशकात ही पद्धत आकाराला आली. तिची कल्पना करायची तर आपल्याकडच्या उतरणीवरच्या भातखाचरांकडे पाहावे. खाचराचे क्षेत्रफळ म्हणजे त्या भागातल्या कंपनरूपांची दाटी. पाण्याची पातळी म्हणजे दर कंपनरूपामागची ऊर्जा. बांधातली मोरी म्हणजे दोन भागांची जोडणी. जमिनीत मुरणारे पाणी म्हणजे अवमंदन. आणि वरून येणारा पाट म्हणजे इंजिन. पाणी नेहमी जास्त पातळीकडून कमी पातळीकडे, फरकाच्या प्रमाणात जाते. प्रत्येक खाचरासाठी आत आलेले पाणी बरोबर मुरलेले अधिक बाहेर गेलेले, असे एक समीकरण मांडले की इंजिनाची बैठक, डेक, केबिनच्या भिंती आणि आतली हवा अशी पाच-सहा समीकरणे होतात, जी हातानेही सुटतात. खाचराचा नेमका आकार किंवा त्यातले खाचखळगे इथे येतच नाहीत. तुमच्या गोंगाटासाठी बहुधा असे दिसेल की इंजिनाच्या बैठकीखालचे रबर बदलून ‘मोरी’ अरुंद करणे हे भिंतींना जाड फळ्या ठोकण्यापेक्षा स्वस्त पडते.

ही पद्धत सरासरी देते, एका विशिष्ट नौकेचे उत्तर देत नाही. पण सरासरीभोवतीचे विचलनही काढता येते, आणि त्यामागची गोष्ट मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. अनिश्चितता कमी असते तेव्हा ती कुठून आली, सांध्यातून की लाकडातून, याने फरक पडतो; ती पुरेशी वाढली की नैसर्गिक वारंवारतांच्या अंतरांचे वितरण कारण काहीही असले तरी एकाच साच्याचे होते. हा साचा भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांसाठी यादृच्छिक सारण्यांतून (चिठ्ठ्या टाकून भरलेल्या आकड्यांच्या मॅट्रिक्सांतून) काढला होता, आणि रिचर्ड वीव्हर यांनी १९८९ मध्ये ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांच्या कंपनांत तो मोजून दाखवला. शेजारच्या दोन वारंवारता एकमेकींना टाळतात, अगदी जवळ क्वचितच येतात. म्हणजे फार उच्च वारंवारतेला अनिश्चिततेचे गणित उलट सोपे होते.

अवघड आहे ते मधले, साधारण शंभर ते सहाशे हर्ट्झचे क्षेत्र, जिथे तुळया अजून आपल्या स्वभावाने वागतात आणि त्यांच्यावरच्या फळ्या मात्र बेभरवशाच्या झालेल्या असतात. क्रिस्तियान सॉइझ यांनी २००० साली सुचवलेल्या पद्धतीत एकेका गुणधर्माऐवजी अख्खी ताठरतेची सारणीच यादृच्छिक धरतात, आणि ‘किती यादृच्छिक’ यासाठी एकच मापक ठेवतात. त्यामुळे प्रतिमानात जे धरलेच नाही, जसे तुमच्या बुडाची कलंड, त्याचीही काही दखल घेतली जाते. शॉर्टर आणि लँगली यांच्या २००५ च्या संकरित पद्धतीत तुळया सांत घटकांनी आणि फळ्या ऊर्जेच्या हिशेबाने मांडून दोन्ही जोडतात. पदवीच्या प्रकल्पाला ही दोन्ही जड जातील. तिकडे वळू नका.

‘नौकेऐवजी कोकण रेल्वेचा पानवल पूल घेऊ का’, असेही तुम्ही विचारले आहे. रत्नागिरीजवळचा तो सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल, गर्डर पुढे सरकवत बांधलेला, मोहात पाडणारा आहे खरा. पण तिथे काँक्रीटची ताठरता, खांबांची मापे आणि गाडीचे वजन पुष्कळ नेमके ठाऊक असते. गर्डर सलग असल्याने गाळ्यागाळ्यांतले लहान फरकही फारसे जाणवत नाहीत, कारण घट्ट जोडलेल्या भागांत कंपन एका जागी अडकून पडत नाही. अनिश्चितता शिकायची असेल तर नौकाच बरी, आणि पुलावर परवानगीविना कोणी फोन ठेवू देणार नाही ते निराळेच.

मासेमारीबंदी १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. नौका वर ओढण्याआधी दोन्ही नौकांवर न्यूट्रलची चाचणी, दोन फोनांची चाचणी आणि दोरीच्या झटक्याची चाचणी एकाच आठवड्यात उरकून घ्या. त्याच वेळी टोचून ओलावा मोजणारे साधे यंत्र केबिनच्या चार खांबांना लावा. बंदी उठल्यावर, बोल्ट आवळण्यापूर्वी एकदा आणि आवळल्यानंतर एकदा, त्याच चाचण्या पुन्हा करा. आवळल्याने तुमची २७ ची वारंवारता २८.५ च्या पुढे गेली, तर लाकडाच्या गुणधर्मांना हात न लावता ‘प’ चे वितरण बदलावे आणि गणिते पुन्हा चालवावीत; ती तसूभरही हलली नाही, तर मेस्त्रीकडून दोन्ही नौकांच्या लाकडाचा एकेक तुकडा मागून घ्या आणि तो वाकवून पाहा.